मेशुमाद

ज्यू धर्म सोडून दुसऱ्या धर्मात, विशेषतः ख्रिस्ती धर्मात गेलेल्या माणसासाठी हिब्रूत रूढ असलेला शब्द. त्याच्या मुळाशी ‘नष्ट करणे’ या अर्थाचा धातू आहे. म्हणजे मेशुमाद हा नुसता धर्म बदललेला माणूस नव्हे, कुळाला तो बुडालेला. ‘मुमार’ (बदललेला) हा शब्द त्या मानाने सौम्य आहे. बळजबरीने बाटवलेल्याला ‘अनूस’ म्हणतात आणि त्याच्याकडे दयेने पाहतात. स्वतःच्या मनाने ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्या ज्यू माणसाला बाप्तिस्म्याआधी जी भीती छळते, ती या पहिल्या शब्दाची असते. उद्या घरात आपले नाव कुणी घेईल की नाही, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो.

जवळचा नातलग वारला की ज्यू घरात सात दिवस सुतक पाळतात. त्याला ‘शिवा’ म्हणतात. शिवा म्हणजे सात. आरसे झाकले जातात, घरची माणसे बुटक्या बैठकीवर बसतात, अंगावरच्या कपड्याला चीर दिलेली असते, शेजारीपाजारी जेवण आणून देतात. कर्मठ घरांत मूल ख्रिस्ती झाले की ते जिवंत असतानाच त्याच्यासाठी शिवा पाळल्याची उदाहरणे आहेत. मराठीत ‘नावाने आंघोळ करणे’ म्हणतात, ते इथे सात दिवस चालायचे. जर्मनीतल्या माइन्झचे मोठे धर्मपंडित रब्बी गेर्शोम यांनी ख्रिस्ती झालेल्या मुलासाठी चौदा दिवस शोक केला, अशी परंपरागत कथा आहे. पण धर्मशास्त्राने असे सुतक बंधनकारक केलेले नाही. उलट, परत आलेल्याला त्याच्या धर्मांतरावरून टोचून बोलू नये, असा दंडक याच गेर्शोम यांच्या नावावर सांगतात.

शास्त्राची भूमिका घराच्या रागापेक्षा वेगळी आहे, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवे. ‘पाप केले तरी इस्राएली तो इस्राएलीच’ हे तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथातील वचन अकराव्या शतकात त्याचे भाष्यकार राशी यांनी धर्मांतरितांना लावले. त्यामुळे मेशुमादचे लग्नही मोडत नाही; त्याच्या बायकोला पुन्हा लग्न करायचे तर त्याच्याकडूनच रीतसर काडीमोड घ्यावा लागतो. आधुनिक इस्राएलमध्ये मात्र 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने, जन्माने ज्यू असलेल्या ब्रदर डॅनियल या कॅथलिक संन्याशाला परतीच्या कायद्याखाली (म्हणजे ज्यूंना इस्राएलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याखाली) ज्यू म्हणून नागरिकत्व नाकारले. 1970 च्या दुरुस्तीने, दुसऱ्या धर्माचा माणूस या कायद्यापुरता ज्यू धरला जाणार नाही, हे कायद्यातच आले.

घरच्यांचा हा आकांत केवळ कर्मठपणातून येतो असे मानणे अन्यायाचे होईल. 1096 मध्ये ऱ्हाइनकाठी क्रूसेडला निघालेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी ज्यूंपुढे बाप्तिस्मा की मरण असा प्रश्न टाकला, आणि अनेकांनी मरण पत्करले. 1858 मध्ये, तेव्हा पोपच्या राज्यात असलेल्या इटलीतल्या बोलोन्यात सहा वर्षांच्या एदगार्दो मोर्तारा याला, मोलकरणीने त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता एवढ्या कारणावरून, पोपच्या पोलिसांनी आईबापांपासून नेले. तो पुढे पाद्री झाला. ज्या घराने हे ऐकले-पाहिले, त्याला मुलाचा बाप्तिस्मा म्हणजे मूल आपल्या मारेकऱ्यांच्या गोटात गेले, असेच वाटणार. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत नोकरीसाठी, प्रतिष्ठेसाठी बाप्तिस्मा घेणारेही पुष्कळ होते. कवी हाइनरिख हाइने यांनी 1825 मध्ये तो घेतला आणि त्याची खंत त्यांना पुढे जन्मभर राहिली.

कोकणातल्या आणि मुंबईच्या बेने इस्राएल या ज्यू समाजातही मिशनऱ्यांनी खूप काम केले. त्यांच्यापैकी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. पण ख्रिस्ती झाले ते थोडके. मिशनच्या शाळांत शिकलेले हिब्रू आणि मराठीतला जुना करार यांनी हा समाज आपल्याच धर्मात अधिक पक्का झाला.

श्रद्धेपोटी धर्म बदलणाऱ्याची घालमेल एडिथ श्टाइन (1891–1942) यांच्या चरित्रात जितकी स्पष्ट दिसते, तितकी क्वचितच कुठे दिसते. तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाउच्या धर्मनिष्ठ ज्यू घरातले हे शेंडेफळ, जन्म योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशीचा. वडील लवकर गेले. आई ऑगुस्टे यांनी लाकडाचा व्यापार सांभाळून मुले वाढवली. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या एडिथ यांनी 1 जानेवारी 1922 रोजी बाप्तिस्मा घेतला आणि घरी जाऊन आईला स्वतः सांगितले. आई रडली. त्यानंतरही एडिथ घरी आल्या की आईबरोबर सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) जात आणि तिथली स्तोत्रे आपल्या लॅटिन प्रार्थनापुस्तकातून म्हणत. जोगीण व्हायचे मनात असूनही त्या अकरा वर्षे थांबल्या. आईला दुसरा घाव सोसणार नाही, हे त्याचे एक मोठे कारण.

12 ऑक्टोबर 1933, एडिथ यांचा वाढदिवस आणि ज्यूंच्या मांडवांच्या सणाचा शेवटचा दिवस. चौऱ्याऐंशी वर्षांची आई प्रार्थनेहून पायी परतताना लेकीला म्हणाली, प्रवचन छान झाले ना? म्हणजे ज्यू राहूनही भक्त होता येते? मग तुला ख्रिस्ताचे हे कळलेच कशाला? तो फार चांगला माणूस असेल, पण त्याने स्वतःला देव का करून घेतले? त्या रात्री पाहुणे गेल्यावर आईने ओंजळीत तोंड लपवले. एडिथ तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि ते पांढरे डोके छातीशी धरून तशाच राहिल्या. दोन दिवसांनी त्या कोलोनच्या कार्मेल मठात दाखल झाल्या. दर आठवड्याला त्या घरी पत्र पाठवीत. आईकडून बराच काळ उत्तर आले नाही. 14 सप्टेंबर 1936 रोजी आई वारली. बहीण रोझा हिलाही ख्रिस्ती व्हायचे होते. तिने बाप्तिस्मा घेतला तो आईच्या मृत्यूनंतरच, त्याच वर्षीच्या नाताळात.

चर्चमध्ये गेल्याने त्यांचे ज्यूपण नाझींच्या लेखी पुसले गेले नाही. 2 ऑगस्ट 1942 रोजी, कोलोनहून पुढे ज्या मठात एडिथ गेल्या होत्या त्या हॉलंडमधील एख्तच्या मठातून दोघी बहिणींना पकडले आणि आउश्वित्झला नेऊन मारले.

ज्यू घरात जन्मून पॅरिसचे आर्चबिशप झालेले कार्डिनल ल्युस्तिजे यांनी 1940 मध्ये, तेरा वर्षांचे असताना बाप्तिस्मा घेतला. आईबापांची संमती नाखुशीची होती. आई आउश्वित्झमध्ये मारली गेली आणि युद्धानंतर वडिलांनी तो बाप्तिस्मा रद्द व्हावा म्हणून खटपट केली. 2007 मध्ये कार्डिनल वारले तेव्हा नोत्र दामच्या आवारात, शवपेटी आत नेण्याआधी, त्यांच्या ज्यू नातलगाने कद्दीश, म्हणजे मृतासाठी म्हणायची ज्यू प्रार्थना, म्हटले.