कार्तिकीच्या जनावरांच्या बाजारात कॅमेरा नेताना
(कॅमेरा आणि लेन्स भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतला जनावरांचा बाजार अलीकडे वाखरीच्या पालखी तळावर भरतो. कार्तिकी एकादशी दिवाळीच्या पाडव्यापासून अकराव्या दिवशी येते, पण बाजारासाठी त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस धरा. एकादशीला गर्दीमुळे रस्ते वळवतात आणि गाडी लांब लावावी लागते. कोल्हापूरहून मिरज, सांगोला मार्गे साधारण 180 किलोमीटर पडतात. पहाटेचा उजेड हवा असेल तर आदल्या रात्री सांगोल्यात मुक्काम करा. यात्रेच्या दिवसांत पंढरपुरात खोली मिळणे अवघड. निघण्यापूर्वी बाजार भरणार आहे ना, याची बाजार समितीकडे चौकशी कराच. 2022 साली लम्पीच्या साथीत राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद होते.

सूर्य साडेसहाच्या पुढेमागे उगवतो. तिथून नऊपर्यंतचा वेळ सगळ्यात मोलाचा. वैरण टाकणे, खरारा, शिंगांना तेल लावणे हे सगळे तेव्हाच चालते, आणि तिरप्या उन्हात धूळही चित्रात छान उतरते. दहानंतर पांढऱ्या पाठीवर ऊन आदळते. मग मांडवाच्या सावलीत माणसांचे, दाव्यांचे, घुंगुरमाळांचे फोटो घ्यावेत.

पांढरे खिल्लार, काळी म्हैस

सर्वाधिक फोटो इथेच बिघडतात. कॅमेऱ्याचा मीटर समोर दिसेल ते मध्यम करड्या रंगावर आणू पाहतो. चौकटभर पांढरा खिल्लार जातीचा खोंड (तरुण बैल) असेल तर तो मळकट येतो; एक्स्पोजर +0.7 ते +1 करा. तोच खोंड लांब, काळ्या मातीत लहान दिसत असेल तर उलटे होते, पाठ पांढरीफटक होऊन केसांचा पोत जातो, तिथे −0.7 ठेवा. पंढरपुरी म्हशीला −0.7 ते −1, नाहीतर तिचा काळा रंग राखाडी दिसतो. हायलाइटची सूचना (फार उजळ झालेला भाग पडद्यावर लुकलुकवून दाखवणारी) चालू ठेवा आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा.

खिल्लार पाहणारा माणूस लांबी, पाठीची रेघ, पाय आणि शिंगांचा बाक पाहतो. तुमच्या फोटोतही तेच दिसले पाहिजे. 24 मिलिमीटरची लेन्स तोंडाजवळ नेली तर डोके मोठे आणि अंग आखूड येते. मालकाला असा फोटो दाखवला तर तो नाराज होणारच. 70 ते 135 मिलिमीटर वापरा, बाजूने किंचित पुढच्या अंगाला उभे राहा, गुडघ्यावर बसा. चारही पाय सुटे दिसावेत, शिंगे मागच्या मांडवात न मिसळता आकाशावर यावीत. मान हलती असते, म्हणून शटर 1/500.

दात पाहण्याचा क्षण चुकवू नका. गिऱ्हाईक एका हाताने वेसण धरतो, दुसऱ्याने खालचा ओठ ओढतो. पुढचे दात फक्त खालीच असतात. त्यावरून अदत (अजून पक्के दात न आलेला), दोनदाती, चारदाती, जुळलेला (सगळे पक्के दात आलेला) असे वय ठरते. हे दोन-तीन सेकंदांतच आटोपते, त्यामुळे फोकस आधीच तोंडावर धरून ठेवा.

उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरत असेल तर मात्र कॅमेरा खाली घ्या. तो सौदा झाकूनच व्हायचा असतो. हात सुटल्यावर, विचारून फोटो काढा. किंमत किंवा नोटा मोजतानाचे चेहरे टिपू नयेत.

जनावराजवळ

आधी मालकाशी बोला: “मामा, खोंड झकास हाय, एक फोटो काढू का?” एवढे पुरते. काहींना नजर लागण्याची धास्ती असते; नाही म्हटले तर आग्रह करू नये. फ्लॅश बंद. खिल्लार परक्याला बुजते, आणि एक बुजले की दावणीतली सगळी ओढाताण करतात. थेट मागून जाऊ नका, तिथे त्याला दिसत नाही. शेजारूनही मागच्या पायापासून दूर राहा, कारण बैल लाथ बाजूला आणि पुढेही मारतो. खांद्याच्या बाजूने, त्याला दिसत राहून जा. दावे कधी ओलांडू नका. बैलाने हिसका दिला की पाय त्यात अडकतो. कॅमेऱ्याचा लोंबता पट्टाही शिंगात अडकतो, तो मनगटाला गुंडाळा.

चंद्रभागेच्या वाळवंटात पहाटे जायचे तर पुंडलिकाच्या देवळाकडची बाजू चांगली. स्नान करणाऱ्या बायकांवर कॅमेरा रोखू नका. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये.

लेन्स उघड्यावर बदलू नका. गाडीत बसून, काचा लावून बदला. दोन बॉडी नेल्या तर तीही वेळ येत नाही. धूळ कापडाने पुसली तर काचेवर चरे पडतात. आधी ब्लोअर, मग ब्रश, शेवटी कापड. परत करताना सामान न पुसता तसेच आणले तरी चालेल, सफाई आम्ही करतो. पण झूमची रिंग करकरत असेल तर ती फिरवत बसू नका, देताना आम्हाला सांगा.