वरची दाढ, सायनस आणि खरवडलेले अस्तर: पार्श्वभूमी

दाढ काढताना वरच्या जबड्याचा सायनस, म्हणजे गालाच्या हाडामागची हवेची पोकळी, उघडला, तर आजचा दंतवैद्य ते केसपेपरवर गुंतागुंत म्हणून लिहितो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मात्र हेच भोक मुद्दाम पाडले जाई. सायनसमध्ये पू साठून गाल ठणकू लागला की वरची पहिली मोठी दाढ उपटायची, तिच्या खोबणीतून अणकुचीदार हत्यार वर सरकवून सायनसचा तळ फोडायचा आणि पू तोंडावाटे वाहू द्यायचा. ही पद्धत इंग्लंडमध्ये १७०७ साली छापून आली आणि पुढे युरोपभर चालली. भोक मिटू नये म्हणून त्यात बोळा किंवा नळी बसवत आणि तिथूनच सायनस पुन्हापुन्हा धूत. रोगजंतूंची कल्पना नव्हती, प्रतिजैविके तर फार पुढची गोष्ट. पुढे दाढेची वाट मागे पडली, पण साठलेल्या पुवाला तळाशी वाट करून दिली की काम भागते हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हटला नाही. त्याची किंमत पेशंटांनी मोजली.

त्याआधीचे थोडक्यात. कवटीच्या चित्रांत हा सायनस १४८९ पासून दिसतो. त्याचे नीट वर्णन गाजले ते एका इंग्रज डॉक्टरच्या १६५१ सालच्या लॅटिन ग्रंथामुळे, आणि त्यातली केस दात काढण्याचीच आहे. किडक्या दातांनी हैराण झालेल्या एका बाईंचा वरचा सुळा काढला, त्याबरोबर हाडाचा पातळ पापुद्रा निघाला आणि तेव्हापासून खोबणीतून पाणी झिरपत राहिले. हे येते कुठून म्हणून बाईंनी चांदीची सळई आत घातली. ती जवळजवळ डोळ्याच्या उंचीपर्यंत गेली. मग तंतू सोलून काढलेली पिसाची काडी घातली, तर ती बहुतेक सगळीच आत शिरली. काडी मेंदूला लागली असे वाटून बाई घाबरल्या आणि डॉक्टरांकडे आल्या. काडी मेंदूकडे गेलीच नव्हती, पोकळीत गोल वळली होती. डॉक्टरांनी पोकळीची रचना समजावल्यावर बाईंनी ते झिरपणे सोसायचे ठरवले. त्यांची भीती त्या काळाला धरूनच होती. शेंबूड मेंदूतून नाकात उतरतो असे तेव्हाचे वैद्यही मानत, आणि ते सविस्तर खोडून काढणारे लिखाण जर्मनीतून १६६० च्या दशकात आले.

खरा वाद, म्हणजे सायनसचे अस्तर खरवडावे की जपावे हा, सुरू होतो तो १८९३ पासून. त्या वर्षी न्यूयॉर्कमधून आणि १८९७ साली पॅरिसमधून एकाच धाटणीची शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. मधल्या काळात लंडनमधूनही तशीच मांडणी झाली होती, पण नाव पहिल्या दोघांचे राहिले. कान-नाक-घसा विभागात ती आजही कॅल्डवेल-लुक म्हणूनच ओळखली जाते. ओठ वर उचलायचा, सुळ्याच्या वरच्या खोलगट हाडात खिडकी पाडायची, सायनसचे आतले अस्तर खरवडून काढायचे आणि नाकाच्या बाजूने, अगदी खालच्या अंगाला, नाकात उघडणारे दुसरे भोक पाडायचे. दाढेच्या खोबणीपेक्षा ही वाट नक्कीच चांगली होती. सायनस डोळ्यांनी दिसत होता आणि चांगली दाढ बळी द्यावी लागत नव्हती. आत निसटलेले दाढेचे मूळ काढायला हीच खिडकी पुढेही उपयोगी पडली, आजही पडते.

ही शस्त्रक्रिया दाढ काढल्यानंतरच्या भोकाशी कशी जोडली गेली हे समजून घेण्यासारखे आहे. दाढ काढल्यावर पडलेले भोक बुजले नाही, तर काही दिवसांत त्याच्या कडेने कातडी धरते आणि तोंड व सायनस यांच्यात कायमचा बोगदा तयार होतो, म्हणजे फिश्चुला. चूळ भरली की पाणी नाकातून येते. बिडी-सिगारेटचा झुरका नीट ओढता येत नाही. तोंडात घाण चव राहते. तो बंद करण्यासाठी १९३० च्या दशकात दोन फ्लॅप, म्हणजे शेजारून सोडवून भोकावर ओढायचे मांसल पदर, रूढ झाले. १९३६ मध्ये वर्णिलेला गालाकडचा फ्लॅप पुढे ओढून शिवतात. तो सैल पडावा म्हणून हाडालगतच्या आवरणाला आतून छेद देतात. १९३९ चा फ्लॅप टाळूवरची जाड त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून भोकावर आणतो. पहिल्यात गाल आणि हिरडी यांच्यातली खाच उथळ होते आणि कवळी नीट बसत नाही. दुसऱ्यात टाळूचे हाड उघडे पडते आणि भरून यायला काही आठवडे घेते.

फ्लॅप कितीही छान शिवला तरी वरून पू येत राहिला तर टाके सुटतात, हे शल्यविशारदांना लवकरच कळले. आधी सायनस स्वच्छ, मग भोक बंद, हा नियम त्यातून आला आणि तो योग्यच होता. घोटाळा झाला तो स्वच्छ या कल्पनेत. सुजलेले, जाड झालेले अस्तर म्हणजे मेलेले अस्तर असे धरले गेले. ते समूळ काढले की तिथे नवे, निरोगी अस्तर येईल, असा विश्वास होता. त्यामुळे कित्येक दशके जुन्या फिश्चुलाच्या पेशंटला टेबलावर घेतले की फ्लॅपबरोबर सायनसही पूर्ण खरवडला जाई. काही हातांत तर सायनसची परिस्थिती कशीही असो, ते एक ठरलेले पाऊल झाले.

या निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे कारणे होती. एक्स-रेमध्ये सायनस पांढराफटक दिसे, पण अस्तर बरे होण्याजोगे आहे की नाही हे त्यावरून ठरवता येत नसे. १९४० च्या दशकाआधी पेनिसिलिन हाताशी नव्हते. पेशंट पुन्हा येईल की नाही याचीही खात्री नसे, म्हणून एकाच खेपेत सगळे उरकणे शहाणपणाचे वाटे. हे मान्य करूनही विरुद्ध बाजूचे पारडे मला जड वाटते. खरवडलेल्या सायनसमध्ये आधीसारखे अस्तर परत येत नाही. व्रणाची गाठाळ ऊती येते, हाड जाड होते, पोकळी आक्रसते. गाल आणि वरचे दात बधिर पडतात, काहींचे कायमचे, कारण डोळ्याखालून येणारी नस खिडकीच्या अगदी वर असते. शिवाय व्रणात अस्तराचा तुकडा अडकला, तर दहा-वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, तिथे द्रवाने भरलेली पिशवी (सिस्ट) फुगते आणि गाल सुजतो. अशा सिस्टचे वर्णन जपानमधून १९२७ सालीच आले होते आणि पुढे तिथून अशा केसेस मोठ्या संख्येने नोंदल्या गेल्या, कारण तिथे ही शस्त्रक्रिया फार झाली होती. इशारा मिळूनही खरवडणे लगेच थांबले नाही.

ते थांबले वेगळ्याच कारणाने. सायनसच्या अस्तरावर सूक्ष्म रोम असतात आणि ते चिकट द्राव सतत एका दिशेने ढकलत असतात. ही दिशा खाली नसते. सायनसचे नैसर्गिक तोंड त्याच्या आतल्या भिंतीवर बरेच वर असते आणि द्राव गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध तिकडेच चढवला जातो. तळाशी मुद्दाम पाडलेल्या भोकाला वळसा घालून तो वरच्या तोंडाकडे जातो, हे प्रयोगांतून आणि पुढे नाकात घालायच्या बारीक दुर्बिणीतून (एंडोस्कोप) प्रत्यक्ष दिसले. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत या प्रवाहाचा बारकाईने अभ्यास झाला. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत दुर्बिणीने करायच्या सायनस-शस्त्रक्रियेला तिचे आजचे नाव मिळाले आणि ती झपाट्याने पसरली. आता अस्तर जपायचे, वरचे तोंड मोकळे करायचे आणि सूज आपली आपण उतरू द्यायची. तळाला वाट काढण्याचा पावणेतीनशे वर्षांचा हिशेब इथे पुसला गेला.

भोक किती मोठे झाल्यावर हात घालायचा, यावर त्यामानाने कमी भांडण आहे. साधारण २ मिलिमीटरपर्यंतचे भोक रक्ताची गुठळी नीट बसली तर आपोआप मिटते, ५ मिलिमीटरच्या पुढे फ्लॅप लागतो, मधल्यांना टाके आणि आधार देतात. पण खोबणीच्या तळाशी भोक मोजायचे कसे? सळई घालून चाचपले तर फाटायचे राहिलेले अस्तरही फाटते. नाक दाबून फुंकायला लावले तर बुडबुडे दिसतात खरे, पण जोर जास्त झाला तर लहान भोक मोठे होते. म्हणून ही फुंकण्याची चाचणी करूच नये असे म्हणणारेही बरेच आहेत. ताजे भोक पहिल्या दोन दिवसांत बंद केले तर यश मोठे, याबद्दल मात्र जवळपास एकमत आहे. दोन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंका, स्ट्रॉने पिऊ नका, तंबाखू बंद, या सूचना तिथूनच येतात.

अलीकडच्या घडामोडींनी हा विषय दंतवैद्याच्या खुर्चीपलीकडे नेला आहे. १९७७ पासून गालातल्या चरबीचा गोळा ओढून भोक बुजवता येऊ लागले. ती चरबी तीन-चार आठवड्यांत तोंडाच्या कातडीने झाकली जाते आणि गालाची खाच फारशी जात नाही. त्याच दशकात इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायच्या कृत्रिम दातासाठी, सायनसचे अस्तर अलगद वर उचलून खाली हाड भरण्याची पद्धत अमेरिकेत सुरू झाली. जे अस्तर पूर्वी टाकाऊ म्हणून खरवडले जाई, तेच न फाटता उचलणे हे आता कौशल्याचे माप झाले. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, आल्यापासून दाढेची मुळे सायनसमध्ये किती शिरली आहेत हे दाढ काढण्याआधीच दिसते.

वरच्या जबड्याच्या सायनस-संसर्गांपैकी १० ते १२ टक्के दातांमुळे होतात, असे जुनी पुस्तके सांगत. सीटी स्कॅन नियमित होऊ लागल्यावर, विशेषतः एकाच बाजूच्या जुनाट त्रासात, हे प्रमाण त्याहून बरेच जास्त आढळले. तरीही आपल्याकडे दंतमहाविद्यालय एकीकडे आणि कान-नाक-घसा विभाग दुसरीकडे. एकाच बाजूच्या नाकातून दुर्गंधी येणारा पेशंट महिनोन् महिने वाफारे आणि प्रतिजैविके घेत राहतो. मागे कधी वरची दाढ काढली होती का, हे विचारलेच जात नाही. दोन्ही विभाग एकत्र आले तरी एक प्रश्न उरतो: फक्त भोक बंद करून सायनसला सावरायला वेळ द्यायचा, की त्याच खेपेत दुर्बिणीने वरचे तोंडही मोकळे करायचे? सायनस पुवाने भरलेला असेल तर एकाच खेपेत दोन्ही करण्याकडे कल वाढतो आहे. अस्तर नुसते सुजलेले असेल तर आधी भोक बंद करून थांबावे, असे बरेच दंतशल्यविशारद मानतात.

आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वी सायनस खरवडून घेतलेली माणसे आता इम्प्लांटसाठी येत आहेत. स्कॅनमध्ये त्यांचा एका बाजूचा सायनस आक्रसलेला, हाडाने आणि व्रणाने भरलेला दिसतो. उचलायला अस्तरच उरलेले नसते, त्यामुळे त्या बाजूला इम्प्लांटचा बेत वेगळ्याच पद्धतीने आखावा लागतो.