मासळीच्या कातडीतून कोलॅजन : लहान प्रक्रिया केंद्रांसाठी माहितीपत्रक

मासळी सोलणारी, फिलेट काढणारी आणि गोठवणारी जी केंद्रे आमच्याकडून टाक्या, पेप्सिन (प्रथिने कापणारे एन्झाइम) व गाळणीचे साहित्य घेतात, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. डोकी, आतडी, कातडी, खवले सगळे एकाच पिंपात पडले की ते मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात जाते आणि त्याला भुकटीचाच भाव मिळतो. कातडी सोलल्याबरोबर वेगळी काढून बर्फात ठेवली, तर तिच्यातून बऱ्याच वरच्या किमतीचा माल निघतो. पण तो निघेल की नाही, हे ॲसिडची टाकी भरण्याच्या बरेच आधी, कापणीच्या टेबलाजवळ ठरते.

आधी काय विकायचे ते ठरवा

कोलॅजन, जिलेटिन आणि कोलॅजन पेप्टाइड हे तीन वेगळे माल आहेत. कोलॅजन हे कातडीतले प्रथिन. अखंड कोलॅजन म्हणजे त्याच्या तीन साखळ्यांचा सुंभासारखा पीळ. तो उष्णतेने उलगडला की जिलेटिन होते, आणि एन्झाइमने त्याचे बारीक तुकडे केले की पेप्टाइड. उलगडलेला पीळ पुन्हा पूर्ववत बसवता येत नाही. जखमेवरच्या पट्ट्या व प्रयोगशाळा यांना अखंड कोलॅजन लागते. पाण्यात ढवळून पिण्याची पावडर म्हणून जे विकले जाते ते पेप्टाइड. पहिल्यासाठी आठवडाभर अखंड थंडी आणि फ्रीझ ड्रायर, म्हणजे माल गोठवून निर्वातात वाळवणारे यंत्र, हवे. पेप्टाइडला ते बंधन नाही. लहान केंद्राने पेप्टाइडपासून सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही बहुतेक प्रश्न अखंड कोलॅजनबद्दल येतात, म्हणून खाली त्याचीच कृती सविस्तर दिली आहे.

कोणती कातडी

चोणक, तांबोसा, गोबरा यांसारख्या कमी तेलाच्या माशांची कातडी उत्तम. बांगडा आणि तारली यांची कातडी पातळ, तेलकट. तेल खवट झाले की तो वास पावडरीपर्यंत पोचतो. इसवणाची कातडी चालते, पण बांगडा, इसवण, कुपा या माशांत बर्फ उशिरा पडला तर हिस्टामीन हे बाधणारे द्रव्य तयार होते आणि ते उकळूनही जात नाही. मोरी आणि वागळ्यांची कूर्चा यात मिसळू नका, तिच्यातले कोलॅजन दुसऱ्या प्रकारचे असते. माणक्यांच्या सालीतही कोलॅजन आहे, पण तिचा रंग काढणे जिकिरीचे आहे.

फॉर्मेलिन, म्हणजे मासळी टिकावी म्हणून लावले जाणारे विषारी रसायन, लावलेली मासळी तर अजिबात नको. गोव्यात २०१८ साली त्यावरून केवढा गदारोळ झाला ते सर्वांना आठवत असेल. खाण्यातला धोका बाजूला ठेवला तरी फॉर्मेलिन कोलॅजनच्या साखळ्या एकमेकींना जखडून टाकते; अशी कातडी ॲसिडमध्ये फुगत नाही, विरघळत नाही. बाहेरून आलेल्या मालाचा संशय असेल तर कातडीचा बोटभर तुकडा थंड पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवून पाहा. ताजी कातडी फुगून काचेसारखी पारदर्शक होते. जी तशीच राहते ती बाजूला काढा, कारण काहीही असो.

थंडी

आपल्या उष्ण समुद्रातल्या माशांचे कोलॅजन द्रावणात साधारण तीस-पस्तीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान उलगडते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तेवढे तापमान सहज असते. जंतू आणि माशाची स्वतःची एन्झाइम्स त्याच्या बरीच आधी कामाला लागतात. म्हणून कातडी सोलल्यापासून वाळवेपर्यंत सगळे ४ अंशांवर, फार तर १० अंशांच्या आत. १ किलो कातडीला १ किलो बर्फ हे प्रमाण धरा. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा टाकीभोवती टाकायला बर्फ आणि मीठ हाताशी हवे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळासाठी कातडी साठवायची तर २ किलोच्या चपट्या पिशव्यांत उणे २० अंशांवर गोठवा. एकदा वितळलेली पिशवी परत गोठवू नका.

५ किलो कातडीची बॅच

मांस खरवडून घ्या, बर्फाच्या पाण्यात धुवा, अर्धा ते एक सेंटिमीटरचे तुकडे करा. मोठ्या तुकड्यांत ॲसिड आत शिरत नाही आणि गाभा तसाच राहतो.

पहिली पायरी कॉस्टिक सोड्याची. ५० लिटर थंड पाण्यात २०० ग्रॅम, म्हणजे लिटरला ४ ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचे नाही. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेत. ॲल्युमिनियमचे भांडे सोडा खाऊन टाकतो. खाद्य दर्जाचे प्लास्टिकचे पिंप घ्या. दर ८ तासांनी द्रावण बदलून एकूण २४ तास ठेवा, म्हणजे एका बॅचला ६०० ग्रॅम सोडा. याने इतर प्रथिने आणि बराचसा रंग निघतो. पुष्कळजण लवकर आटोपावे म्हणून सोडा दुप्पट-तिप्पट करतात किंवा थंडी सोडतात. मग कातडी बुळबुळीत होते आणि कोलॅजनच गटारात वाहून जाते. नंतर पीएच ७ ते ७.५ येईपर्यंत थंड पाण्याने धुवा. सोडा उरला तर पुढचे ॲसिड तोच खातो.

तेल काढायला प्रयोगशाळेत ब्युटानॉल वापरतात. खाण्याच्या मालासाठी आम्ही ते देत नाही. कमी तेलाची कातडी निवडणे हाच त्यावरचा उपाय.

दुसरी पायरी ॲसेटिक ॲसिडची. ७५ लिटर द्रावणाला २.१५ लिटर ग्लेशियल (पाणी न घातलेले) ॲसेटिक ॲसिड लागते. द्रावण सुमारे ३ टक्के होते. खाद्य दर्जाचे ४ टक्क्यांचे बिनरंगी व्हिनेगर मिळाले तर ३ भाग व्हिनेगरला १ भाग पाणी, हिशेब तोच. ४८ ते ७२ तास, सावकाश ढवळत. वेगाच्या मिक्सरने फेस येतो आणि ढवळण्याची उष्णता द्रावणात उतरते. कातडी फुगून सगळे जेलीसारखे दाट झाले की काम बरोबर चालले आहे असे समजा.

नुसत्या ॲसिडने जे सुटत नाही त्यासाठी पेप्सिन. ५ किलो ओल्या कातडीत कोरडा भाग साधारण दीड किलो. त्याच्या १ टक्का, म्हणजे १५ ग्रॅम पेप्सिन थोड्या थंड ॲसिडमध्ये कालवून दुसऱ्या दिवशी टाका. ते साखळीची टोके कापते, पिळाला हात लावत नाही. पण पीळ उष्णतेने सैल झाला असेल तर तोही कापला जातो. पेप्सिन डुकराच्या जठरातून काढलेले असते. हलाल माल घेणाऱ्या किंवा इतर कारणाने ते न चालणाऱ्या ग्राहकाला हे आधी सांगणे तुमचे कर्तव्य आहे. त्यांच्यासाठी नुसत्या ॲसिडने बॅच करा, उतारा (हाती येणारा माल) कमी येईल हे धरून.

दुहेरी मलमलीतून गाळा. उरलेला चोथा टाकू नका. धुऊन ५० ते ६० अंशांच्या पाण्यात काही तास ठेवला की जिलेटिन निघते.

गाळलेल्या द्रावणात लिटरला ५३ ग्रॅम शुद्ध मीठ, चिमूट चिमूट, ढवळत. ६५ लिटरला साधारण साडेतीन किलो. पांढरे धागे वर येऊ लागतात. मिठागरातले जाडे मीठ जेवणाला कितीही चांगले असले तरी इथे वापरू नका, त्यातली माती आणि मॅग्नेशियम मालात उतरतात. रात्रभर ठेवून धागे गाळून किंवा सेंट्रिफ्यूजने वेगळे करा. ते पुन्हा थोड्या ॲसिडमध्ये विरघळवून डायलिसिसच्या पिशव्यांत भरा; त्यांतून मीठ बाहेर जाते, कोलॅजन आत राहते. पिशव्या आधी लिटरला ६ ग्रॅम ॲसेटिक ॲसिड असलेल्या पाण्यात आणि मग शुद्ध पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा. नव्याने भरलेल्या शुद्ध पाण्यातही कंडक्टिव्हिटी मीटरचा (पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा वाढेनासा झाला की मीठ गेले. ॲसिड आणि मीठ एकत्र असल्याने ३०४ प्रतीच्या स्टीलला बारीक खड्डे पडतात. ३१६ प्रत घ्या.

वाळवणे फ्रीझ ड्रायरमध्येच. ओव्हनमध्ये ५०-६० अंशांवर ओला माल वाळवला तर हाती जिलेटिनच येते, मग आधीची सगळी थंडी फुकट.

सुरुवातीच्या हिशेबाला ओल्या कातडीच्या ५ टक्के, म्हणजे अडीचशे ग्रॅम उतारा धरा. जास्त आला तर आनंदच.

घरच्या घरी तपासणी

चिमूटभर पावडर थंड पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवा. द्रावण दाट, तार धरणारे हवे. ते ४० अंशांवर अर्धा तास ठेवा. दाटपणा एकदम उतरला तर कोलॅजन अखंड होते. आधीपासूनच पातळ असेल तर पीळ वाटेतच उलगडला होता. विक्रीसाठी मात्र हायड्रॉक्सिप्रोलीन (ज्यावरून कोलॅजनचे प्रमाण कळते), जंतुसंख्या, पारा, शिसे, कॅडमियम व आर्सेनिक यांचा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच घ्या.

खवले आणि पेप्टाइड

खवल्यांत चुन्याचे क्षार भरपूर असतात. ते आधी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने काढावे लागतात. अखंड कोलॅजनसाठी खवले त्रासाचे, पेप्टाइडसाठी चांगले. पेप्टाइडला स्वच्छ कातडी किंवा खवले गरम पाण्यात विरघळवून ५५ अंश, पीएच ८ वर अल्कलेज हे प्रथिने कापणारे एन्झाइम २ ते ४ तास द्यायचे आणि मग ९० अंशांवर १५ मिनिटे ठेवून ते थांबवायचे. वेळ वाढवली की माल कडू होतो.

सांडपाणी आणि लेबल

सोड्याचे आणि ॲसिडचे पाणी एका टाकीत मिसळून पीएच ६.५ ते ८ वर आणा. तरीही त्यात मीठ आणि सेंद्रिय भार खूप असतो, ओहळात किंवा खाजनात (खाडीकाठच्या बांधाआडच्या जमिनीत) ते सोडू नका. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती टाक्या बसवण्याआधी घ्या. खाण्याच्या मालाला एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) परवाना, मांसाहाराचे तपकिरी चिन्ह आणि ‘यात मासे आहेत’ ही ॲलर्जीची सूचना लागते.

साहित्य मागवण्याआधी तुमच्या नेहमीच्या माशाची अर्धा किलो कातडी बर्फात पाठवा. माशाचे नाव, सोलल्याची वेळ आणि बर्फ कधी घातला ते पिशवीवर लिहा. त्यावरून कोणत्या मालासाठी कोणती टाकी हवी ते आम्ही सांगू.