धक्क्याला लागणारी नौका आणि इंटरफेसला नसलेला कन्स्ट्रक्टर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका धक्क्याला लागली की तिच्याकडून तीनच गोष्टी हव्या असतात: दोराने बांधता आली पाहिजे, मासळी उतरवता आली पाहिजे, बर्फ भरता आला पाहिजे. ती लाकडी की फायबरची, इंजिन किती सिलिंडरचं, याच्याशी धक्क्याला देणंघेणं नाही. बंदराच्या नोंदींचा प्रोग्राम जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचा झाला, तर या तीन कामांची यादी म्हणजे इंटरफेस. मेथडचं, म्हणजे कामाचं, नाव, तिला काय द्यायचं, ती काय परत करणार, एवढंच त्यात असतं. काम कसं करायचं ते ट्रॉलर, पर्ससीन या नौकांचे क्लास, म्हणजे त्यांचे आराखडे, आपापलं बघतात.

कन्स्ट्रक्टर, म्हणजे क्लासपासून नवा ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड, येतो नौका बांधताना. ‘न्यू ट्रॉलर’ लिहिलं की मेमरीत जागा मिळते. तेव्हा सगळे आकडे शून्य आणि सगळे संदर्भ नल, म्हणजे कशाकडेच न दाखवणारे, असतात. मग कन्स्ट्रक्टर त्यांत खऱ्या किमती भरतो. ट्रॉलरला विंचची ताकद सांगावी लागेल, वल्ह्याच्या होडीला नुसती वल्ह्यांची संख्या. दोघींचं सामानच वेगळं, मग इंटरफेस एकच कन्स्ट्रक्टर कसा ठरवून देणार? शिवाय इंटरफेसकडे भरायला स्वतःचं काही नसतंच. त्यात लिहिलेलं फील्ड, म्हणजे किंमत ठेवायची जागा, आपोआप पब्लिक, स्टॅटिक आणि फायनल होतं: सगळ्यांना दिसणारं, सगळ्यांत मिळून एकच आणि न बदलणारं. मासेमारीच्या पावसाळी बंदीची १ जून ही तारीख तिथे ठेवता येईल, एखाद्या नौकेतलं डिझेल नाही. २०१४ च्या जावा ८ पासून इंटरफेसमध्ये काम कसं करायचं तेही सांगणाऱ्या डिफॉल्ट मेथड आल्या, कन्स्ट्रक्टर तरीही नाहीच. पीएचपी या दुसऱ्या भाषेत तो लिहिता येतो, पण तसं करू नका असं तिथलं मॅन्युअलच बजावतं.

ॲबस्ट्रॅक्ट क्लासचं, म्हणजे इतर क्लासना पाया देणाऱ्या अर्धवट क्लासचं, मात्र वेगळं. त्याचाही थेट ऑब्जेक्ट बनत नाही, पण त्याची स्वतःची फील्ड असतात, म्हणून कन्स्ट्रक्टरही असतो. खरा घोळ इथेच होतो. समजा ‘नौका’ या ॲबस्ट्रॅक्ट क्लासच्या कन्स्ट्रक्टरने ‘बर्फमोजणी’ ही मेथड बोलावली आणि उत्तर ‘बर्फ’ या फील्डमध्ये ठेवलं. ‘नौका’वरून बनलेल्या ट्रॉलर या मुलाने ती मेथड स्वतःची लिहिली: कप्पे गुणिले १०० किलो. कन्स्ट्रक्टरला ६ कप्पे दिले, तर बर्फ ६०० किलो यायला हवा. येतो ०. कारण ‘सुपर’, म्हणजे वरच्या ‘नौका’ क्लासचा कन्स्ट्रक्टर, आधी चालतो. मेथड ट्रॉलरचीच धावते, पण ‘कप्पे’मध्ये ६ अजून पोचलेले नसतात. ते पोचतात तोवर बर्फाच्या खात्यात शून्य लिहून झालेलं असतं. कोड तपासून यंत्रासाठी तयार करणारा कंपायलर गप्प, प्रोग्रामही बंद पडत नाही, आणि नंतर कप्पे छापून पाहिले तर चोख ६ दिसतात! शोधणारा तासन्‌तास भलतीकडेच बघत बसतो.

म्हणून मुलाला बदलता येईल अशी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलावू नये. बर्फ लागेल तेव्हा मोजावा. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये ‘सुपर’च्या आधी स्वतःची फील्ड भरता येतात, पण जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या प्रोग्रामना त्याचा काय उपयोग?

आणखी एक चूक दिसायला अगदी किरकोळ. कन्स्ट्रक्टरच्या नावाआधी सवयीने ‘व्हॉइड’, म्हणजे ‘ही मेथड काहीच परत करत नाही’ असं सांगणारा शब्द, लिहिला जातो. मग तो कन्स्ट्रक्टर उरत नाही, क्लासच्याच नावाची साधी मेथड होते, आणि कंपायलर स्वतःचा रिकामा कन्स्ट्रक्टर पुरवतो. ‘न्यू ट्रॉलर’च्या कंसात काही दिलं असेल तर कंपाइल होतानाच चूक सापडते. कंस रिकामा असेल तर नौका बनते, धक्क्यालाही लागते, आणि नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे नल संदर्भ वापरल्याची चूक, येतं ते थेट मासळी उतरवताना.