मागणीबरहुकूम गालिचे : मोठ्या व्यावसायिक दालनांसाठी रचना

हॉटेलांचे स्वागतकक्ष, मेजवानीची दालने, सभागृहे आणि कार्यालये यांच्यासाठी जागेचे माप, रंगसंगती व वावर लक्षात घेऊन आखलेले आणि विणून घेतलेले गालिचे. घरासाठी गालिचा बहुधा तयार निवडला जातो. येथे मात्र दालन आधी उभे असते आणि गालिच्याला त्याच्या खांबांशी, दारांशी व प्रकाशाशी जुळवून घ्यावे लागते.

या कामाचा जुना दाखला ग्वाल्हेरात आहे. जयाजीराव शिंदे यांच्या कारकिर्दीत १८७४ साली उभ्या राहिलेल्या जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधील अवाढव्य गालिचा ग्वाल्हेरच्या तुरुंगातील कैद्यांनी विणला व त्याला बारा वर्षे लागली, असे सांगितले जाते. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

रचनेची सुरुवात मोजमापाने होते. वास्तूच्या नकाशावर विसंबून चालत नाही, कारण भिंती क्वचितच काटकोनात असतात आणि दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सरळ किनारीपाशी लगेच डोळ्यांत भरतो. दार उघडताना गालिच्याला घासणार नाही, इतकी फटही पाहावी लागते. त्यानंतर नक्षीचे आकारमान ठरते, आणि अनेक रचना इथेच फसतात. हातभर अंतरावरून सुंदर दिसणारी बारीक वेलबुट्टी पंधरा मीटरवरून नुसता करडा पट्टा वाटते. उलट फार मोठे मध्यपदक, म्हणजे गालिच्याच्या मधोमध असलेली ठळक नक्षी, टेबले मांडली की झाकून जाते. म्हणून पडद्यावरचे चित्र पाहून मंजुरी न देता विणलेला नमुना त्याच दालनात, तिथल्याच दिव्यांखाली जमिनीवर ठेवून पाहावा. मळ लपवण्यास मध्यम छटांचे मिश्र रंग सोयीचे ठरतात, तर चाकांच्या बॅगा व खुर्च्या फिरतात तिथे आखूड आणि दाट लव, म्हणजे गालिच्याच्या पृष्ठभागावर उभे राहणारे धागे, टिकते.

हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याचा नक्शा चौकटीच्या कागदावर उतरवतात. एक चौकोन म्हणजे एक गाठ. दहा बाय पंधरा मीटरच्या गालिच्यात दर चौरस इंचाला शंभर गाठी धरल्या, तर एकूण गाठी सुमारे २ कोटी ३२ लाख होतात. एका रुंद मागावर शेजारीशेजारी बसलेल्या बारा विणकरांनी रोज प्रत्येकी आठ हजार गाठी मारल्या, तरी एकही सुटी न घेता आठ महिने लागतील. त्यामुळे घाईच्या कामांत टफ्टिंग गन या हातयंत्राने कापडात लोकर भरून मागे लॅटेक्स (रबरी चिकट थर) लावलेला गालिचा घेतात, किंवा यंत्रमागावर विणलेला ॲक्समिन्स्टर प्रकारचा लवदार गालिचा. हॉटेलांसाठीच्या ॲक्समिन्स्टरमध्ये ८० टक्के लोकर व २० टक्के नायलॉन हे प्रमाण रूढ आहे. लोकर सहज पेट घेत नाही, ही गोष्ट गर्दीच्या जागी फार मोलाची ठरते.

यंत्रमागावरील गालिचा ठरावीक रुंदीच्या पट्ट्यांत येतो आणि ते पट्टे जागेवर जोडावे लागतात. सर्व पट्ट्यांची लव एकाच दिशेला झुकलेली नसेल, तर एकाच रंगाचे दोन तुकडे एक गडद व एक फिका असे दिसतात. सांधे दारासमोर आणि मुख्य वाटेवर येऊ देत नाहीत. दुरुस्तीसाठी मूळ मालाबरोबरच रंगवलेली थोडी लोकर बाजूला ठेवतात, कारण पुढे रंगवलेली छटा हुबेहूब जुळेलच असे नसते.