चिखलात टायर दगडासारखा कडक हवा?

‘चिखलात जायचं तर टायर कडक फुगवा, म्हणजे तो चिखल कापत जातो,’ हा माउंटन बाइकवाल्यांमधला जुना सल्ला. त्यात अर्धं तथ्य आहे. चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचणारे टायर असतात, पण ते काम अरुंद रुंदी आणि उंच, विरळ गुट्ट्या (टायरवरचे रबरी उंचवटे) करतात. दाट गुट्ट्यांचा रुंद टायर कितीही फुगवला तरी चिखलाने भरतो आणि गुळगुळीत होतो.

हवा वाढली की जमिनीला टेकणारा भाग घटतो. ओल्या मुळांवर कडक टायर उसळून सरकतो. रात्री ही मुळं दिव्याच्या झोतात उशिरा दिसतात, त्यामुळे सावरायला वेळच मिळत नाही.

पडताळणी सोपी आहे. मुळं असलेला एकच ओला चढ, एकच गिअर, बसूनच पेडल मारायचं. ३५ पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करून दर फेरीला ३ कमी करा आणि मागचं चाक कुठे घसरतं ते पाहा. सुमारे ७५ किलोचा स्वार, २.३ इंची ट्यूबलेस टायर असेल तर पुढे २०-२२, मागे २३-२५ हा दाब साधारण ठीक. ट्यूब असल्यास ३-४ जास्त. फार उतरवलंत तर ट्यूब रिमखाली चिमटते (दोन शेजारी भोकं ही तिची खूण), ट्यूबलेसमधून वळणावर हवा फुसकन सुटते.

मोजायला कमी दाबाचा गेज घ्या, मोठ्या पंपाचा काटा इथे भरवशाचा नसतो. आणि मोजा बाहेर: २५ अंशांच्या खोलीत भरलेले २५ पीएसआय १० अंशांच्या रात्री जवळपास २३ होतात.