रिकामं बसलं की मेंदू गंजतो?

"मुलांना रिकामं बसू देऊ नका, मेंदू गंजतो." मे महिन्याची सुट्टी लागली की गोव्यातल्या पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो. त्यामागची काळजी खरी आहे, पण कारण चुकीचं आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, तरी विश्रांतीतही तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. अवघड गणित सोडवायला घेतलं तरी हा खर्च थोडाच वाढतो. म्हणजे सोप्यावर बसून माडांकडे बघणाऱ्या मुलाचा मेंदू बंद नसतो. उलट हातातलं काम थांबलं की मेंदूतले काही ठरावीक भाग जास्त सक्रिय होतात. २००१ पासून या अवस्थेला 'डिफॉल्ट मोड' म्हणतात. आठवणी जुळवणं, पुढचं कल्पून पाहणं यांत हेच भाग गुंतलेले असतात, आणि कल्पना सुचायला दोन्ही लागतं. अर्थात आधी वाचलेलं, पाहिलेलं गाठीशी हवं. जत्रेच्या नाटकाचा प्रवेश नाटकं न पाहता कुणाला सुचत नाही. आणि मोबाइल चाळत बसणं हा रिकामपणा नव्हेच!

रिकामपणात कल्पना जास्त सुचतात का, हे घरी तपासून पाहा. करवंटीचे उपयोग लिहा, अडलात की मोबाइल दूर ठेवून भांडी घासा, मग पुन्हा लिहा. दुसऱ्या दिवशी सुपाचे उपयोग लिहा, पण मधला तेवढाच वेळ मोबाइलवर घालवा. एकदा करून निष्कर्ष काढू नका. घरातल्या सगळ्यांनी काही दिवस करावं आणि याद्या शेजारी ठेवून बघाव्यात.